आधी बरा होऊ दे, मग सिगारेट सोडेल?

एका ३६ वर्षांच्या वाचकाचं पत्र आलं आहे. त्यांचे थोरले भाऊ, वय ४४, पाच महिन्यांपूर्वी दुचाकीवरून पडले. डोक्याला मार लागला, काही वेळ शुद्ध हरपली, सीटी स्कॅनमध्ये मेंदूत थोडा रक्तस्राव दिसला. ऑपरेशनची वेळ आली नाही. दहा-बारा दिवस हॉस्पिटलात काढून ते घरी आले. आता चालतात, बोलतात, पण लवकर थकतात, सांगितलेलं विसरतात, गोंगाट सोसत नाही, चटकन चिडतात. कामावर परतणं लांबलं आहे. कॉलेजपासून दिवसाला पाकीटभर सिगारेट ओढायची सवय. हॉस्पिटलात ती बंद होती. घरी आल्यावर दादांनी मागितली आणि या वाचकांनी आणून दिली. दादा अजून एकटे बाहेर पडत नाहीत, त्यामुळे रोजची सिगारेट हेच आणतात. वहिनींचं म्हणणं, सुधारणा सिगारेटमुळेच अडली आहे आणि दोष धाकट्या दिराचा आहे. आई म्हणते, मरणाच्या दारातून परत आलाय, तेवढं सुख असू दे त्याला. दादा म्हणतात, निकोटिन मेंदूला चांगलं असतं असं वाचलंय. संध्याकाळी दोघे भाऊ गॅलरीत सिगारेट ओढतात. तेवढी दहा मिनिटं दादा पूर्वीसारखे असतात, थट्टामस्करीही करतात. डॉक्टर 'सिगारेट बंद करा' एवढंच म्हणाले आणि पुढच्या पेशंटकडे वळले. 'आधी बरा होऊ दे, मग सोडेल, आत्ता तो ताण नको' असं या वाचकांना वाटतं. पण रोज पाकीट आणताना हात जड होतो. आणायचं थांबवू का, असा त्यांचा प्रश्न आहे.

तुमच्या पत्रात आई बोलते, वहिनी बोलतात, तुम्ही तर बोलताच. ज्यांच्या मेंदूबद्दल हे सगळं चाललं आहे ते दादा मात्र एकच वाक्य बोलतात, आणि तेही निकोटिनच्या बाजूने. सिगारेट सोडण्याबद्दल त्यांना स्वतःला काय वाटतं, हे तुम्ही त्यांना विचारलंय का? पत्रावरून तरी तसं दिसत नाही. त्याकडे येतेच, पण आधी वहिनींच्या आरोपाचं बघू, कारण तो तुम्हाला सर्वांत जास्त लागला आहे.

मेंदूला मार लागल्यावर पहिल्या सहा महिन्यांत सुधारणा वेगाने होते, मग वेग मंदावतो, पण ती वर्ष-दोन वर्षं आणि काहींमध्ये त्याहूनही पुढे होत राहते. पाचव्या महिन्यात थकवा, विसराळूपणा, आवाजाचा त्रास असणं हे आयुष्यात कधी सिगारेट न ओढलेल्या माणसाच्या बाबतीतही अगदी नेहमीचं आहे. त्यामुळे 'सिगारेटमुळेच अडलं' हे खरं नाही. पण 'सिगारेटचा काही संबंध नाही' हेही खरं नाही. सॅन फ्रान्सिस्कोतल्या संशोधकांनी मेंदूला सौम्य इजा झालेल्या माणसांच्या स्मरणशक्तीच्या, विचारांच्या वेगाच्या चाचण्या अपघातानंतर काही आठवड्यांनी घेतल्या आणि मग पुन्हा काही महिन्यांनी. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात न ओढणारे मधल्या काळात जितके सावरले होते तितके ओढणारे सावरले नव्हते. अभ्यास छोटा होता आणि ओढणाऱ्यांच्या आयुष्यात इतरही फरक असतात, तेव्हा एवढ्यावरून कुणाला गुन्हेगार ठरवता येत नाही. तरीही मी तो गंभीरपणे घेते, कारण शरीराबद्दल जे पक्कं माहीत आहे त्याच्याशी तो जुळतो.

मेंदूचं वजन शरीराच्या साधारण २ टक्के, पण शरीराला लागणाऱ्या ऑक्सिजनपैकी सुमारे २० टक्के तो एकटा वापरतो. धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो, म्हणजे ऑक्सिजनची जागा अडवून बसतो. वर्षानुवर्षांच्या धुराने रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर खराब होतं आणि गरज पडेल तिथे पटकन रुंदावण्याची त्यांची क्षमता कमी होते. मार लागलेल्या मेंदूत रक्तपुरवठा आपला आपण सांभाळण्याची यंत्रणा आधीच डळमळलेली असते. इजा झालेल्या पेशींभोवती घातक रेणू तयार होत असतात, धूर त्यात आणखी भर घालतो. घराची डागडुजी चालू असताना सामान आणणारा रस्ताच अर्धा अडवावा, तसं हे आहे. काम थांबत नाही, रखडतं.

'वीस-बावीस वर्षं ओढली, आता सोडून काय फरक पडणार' असं घरात कुणी म्हणालंच, तर त्याचं उत्तरही यातच आहे. विश्रांतीत असलेल्या माणसाच्या रक्तातला कार्बन मोनॉक्साइड साधारण चार ते सहा तासांत निम्म्यावर येतो. एक-दोन दिवसांत तो न ओढणाऱ्याच्या पातळीजवळ पोचतो. रक्तवाहिन्यांना सावरायला जास्त वेळ लागतो, पण ऑक्सिजनची वाट मोकळी होण्यासाठी वर्षं घालवावी लागत नाहीत.

आता दादांचं निकोटिन. त्यांनी वाचलं ते अगदीच निराधार नाही. मेंदूला इजा केलेल्या उंदरांना मोजून-मापून निकोटिन दिल्यावर त्यांची शिकण्याची क्षमता सुधारल्याचं प्रयोगांत दिसलं आहे. पण त्या उंदरांना निकोटिन दिलं होतं, धूर नव्हे. सिगारेटच्या धुरात निकोटिनबरोबर आणखी हजारो रसायनं असतात, आणि माणसाच्या मेंदूच्या इजेवर निकोटिन हा उपचार म्हणून सिद्ध झालेला नाही. दादांना एवढंच सांगा की हा मुद्दा खरा धरला तरी त्यातून निकोटिनचा पॅच (त्वचेवर चिकटवायची पट्टी) निघतो, पाकीट निघत नाही. वाद घालण्यापेक्षा हे ऐकायला त्यांना बरं वाटेल, कारण त्यात त्यांचं वाचन फुकट जात नाही.

मग ती संध्याकाळची दहा मिनिटं. तुमच्या पत्रातली सर्वांत खरी गोष्ट तीच आहे, आणि सर्वांत फसवीही. झुरका घेतल्यावर निकोटिन काही सेकंदांत मेंदूत पोचतं आणि साधारण दोन तासांत रक्तात निम्म्यावर येतं. ते उतरू लागलं की चिडचिड, अस्वस्थता, लक्ष न लागणं सुरू होतं. पुढची सिगारेट मुख्यतः हा आधीच्या सिगारेटने मागे ठेवलेला त्रास मिटवते. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, सिगारेटने माणूस शांत केला. दिवसभर चिडलेले दादा गॅलरीत निवळतात, त्यातला काही भाग निव्वळ तलफ भागल्याचा आहे.

पण सगळा नाही. त्या दहा मिनिटांत दुसरं काय असतं ते आठवून बघा. टीव्ही बंद, बोलणारा एकच माणूस, तोही लहानपणापासूनचा, गोळ्या घेतल्या का असं न विचारणारा. उत्तर द्यायची घाई नाही, मोकळी हवा, रोज तीच वेळ आणि तीच जागा. मार लागलेल्या मेंदूला नेमकं हेच हवं असतं. रोजची कामं पुन्हा जमवायला शिकवणाऱ्या ऑक्युपेशनल थेरपिस्टने मुद्दाम आखून दिलं असतं तरी याहून वेगळं काय दिलं असतं? दादा पूर्वीसारखे होतात त्यात तुमचा वाटा मोठा आहे, आणि श्रेय मात्र तुम्ही सिगारेटला देऊन बसला आहात.

तुम्हाला सर्वांत जास्त पटलेलं वाक्य म्हणजे 'आधी बरा होऊ दे'. या वाक्यात तारीख नाही. मेंदूच्या इजेत 'आता मी बरा झालो' असा एक दिवस बहुतेकांच्या वाट्याला येत नाही. हळूहळू जमतं, काही राहतं, माणूस त्याच्यासकट कामाला लागतो. त्या न येणाऱ्या दिवसाची वाट बघताना सुधारणेचा सर्वांत वेगाचा काळ धुरात जातो. ताणाची भीती मात्र खोटी नाही. सिगारेट सोडल्यावर पहिले दोन-तीन दिवस सर्वांत कठीण, आणि बहुतेक त्रास दोन ते चार आठवड्यांत ओसरतो. पण चिडचिड, झोप बिघडणं, लक्ष न लागणं ही लक्षणं मेंदूच्या इजेचीही असल्याने त्या काळात दादा मागे गेल्यासारखे वाटतील. घरच्यांना हे आधी माहीत हवं, नाहीतर चौथ्या दिवशी तुम्हीच घाबरून पाकीट आणाल. त्यापुढे मन खचेल का? सिगारेट सोडलेल्यांच्या अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१४ साली प्रसिद्ध झाला. त्यात सोडणाऱ्यांची चिंता, उदासी आणि ताण न सोडणाऱ्यांच्या तुलनेत कमी झालेले दिसले. ती माणसं मेंदूच्या इजेची नव्हती हे खरं, पण सिगारेट मनाला आधार देते ही समजूत त्यातून बरीच डळमळते.

आणि हो, हॉस्पिटलात दादांची सिगारेट दहा-बारा दिवस सुटलेलीच होती. शरीराचा सर्वांत वाईट टप्पा त्यांनी तेव्हा, तेवढ्या आजारपणात, पार केला होता. हे दोष द्यायला सांगत नाही. एकदा जमलंय, हे दादांना सांगण्यासारखं आहे म्हणून सांगते.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर. उद्यापासून गुपचूप आणायचं बंद करू नका. पाकीट लपवू नका, 'दुकान बंद होतं' असं खोटं सांगू नका. दादा ४४ वर्षांचे आहेत. अपघाताने त्यांच्याकडून गाडी, काम, एकट्याने बाहेर पडणं असं बरंच हिरावलं आहे, त्यात निर्णयही काढून घेतलात तर ते सिगारेटसाठी नाही, निर्णयासाठी भांडतील. शिवाय चिडून एकटे रस्ता ओलांडायला निघाले तर तो धोका सिगारेटपेक्षा त्या क्षणी मोठा. पण आज जसं चाललंय तसं आणतही राहू नका. मधला मार्ग म्हणजे उघड बोलणं.

सकाळी, झोप झालेली असताना, टीव्ही बंद करून, दहा-पंधरा मिनिटं. एका वेळी एकच प्रश्न, आणि उत्तराला वेळ. 'सिगारेटने तुला काय मिळतं?' हा पहिला प्रश्न ठेवा, आणि उत्तर आवडलं नाही तरी खोडू नका. मग वर लिहिलेलं त्यांच्या भाषेत सांगा. ते तयार झाले तर कारण आणि तारीख त्यांच्याच हस्ताक्षरात लिहून त्यांना दिसेल तिथे लावा. हे मी मुद्दाम सांगते. मेंदूच्या पुढच्या भागाला मार लागला असेल तर आवेग आवरणं आणि ठरवलेलं लक्षात ठेवणं दोन्ही अवघड जातं. सकाळी 'हो' म्हणालेले दादा संध्याकाळी 'मी कधी म्हणालो?' म्हणतील, आणि ते खोटं बोलत नसतील. तुमच्या तोंडून ते ऐकण्यापेक्षा स्वतःचं अक्षर वाचणं त्यांना कमी अपमानाचं वाटेल.

एकदम सोडावी की कमी कमी करत? २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश चाचणीत ठरलेल्या दिवशी एकदम थांबणाऱ्यांपैकी ४९ टक्के लोक चार आठवड्यांनी सिगारेटविना होते, हळूहळू कमी करत आणणाऱ्यांपैकी ३९ टक्के. दोन्ही गटांना निकोटिनचे पर्याय आणि समुपदेशन मिळालं होतं. दादांच्या बाबतीत मला एकदम थांबणंच बरं वाटतं, त्याचं कारण वेगळं आहे: ज्याला आज किती ओढल्या हेच आठवत नाही त्याला 'आज पाच' पेक्षा 'आज नाही' हे लक्षात ठेवणं सोपं. पण ते कमी करण्यालाच तयार असतील तर तिथून सुरुवात करा आणि प्रत्येक सिगारेटची नोंद वहीत ठेवा.

तारीख ठरवण्याआधी दादांच्या न्यूरोलॉजिस्टकडे एक फेरी मारा, आणि या वेळी 'बंद करा'च्या पुढचं विचारा. सिगारेट सोडायला दिली जाणारी बुप्रोपिऑन ही गोळी झटके (फिट) येण्याची शक्यता वाढवते. डोक्याला गंभीर मार लागलेल्यांना ती सहसा टाळतात, तेव्हा मित्राला लागू पडली म्हणून आणू नका. सिगारेट सोडायचीच दुसरी गोळी, व्हॅरेनिक्लिन, घेतानाही आधी झटके येऊन गेले असतील तर डॉक्टरांना सांगावंच लागतं. दुसरी गोष्ट फार कमी जण सांगतात. धुरातल्या काही रसायनांमुळे यकृत ठरावीक औषधं लवकर निकालात काढतं. सिगारेट थांबली की तीच मात्रा अंगात जास्त साठू लागते. मानसिक आजारांवरच्या ओलान्झापिनसारख्या औषधांत हे दिसतं. म्हणून चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची यादी दाखवून 'सोडल्यावर कशाची मात्रा बदलावी लागेल का' असं थेट विचारा. कॅफिनचंही असंच होतं. नेहमीइतकेच कप कॉफी घेऊन छाती धडधडते, झोप उडते, आणि खापर फुटतं सिगारेट सोडण्यावर. चहा-कॉफी त्याच दिवशी निम्मी करा.

निकोटिनच्या पर्यायांत विसराळू माणसाला पॅच सोयीचा, कारण तो दिवसातून एकदाच लावायचा असतो. जुना काढल्याशिवाय नवा लावला जाऊ नये म्हणून पॅचवर पेनाने तारीख लिहा. काही पॅचच्या पाठीला धातूचा थर असतो आणि एमआरआयमध्ये त्याने त्वचा भाजू शकते, तेव्हा एमआरआय असेल तेव्हा पॅच असल्याचं तिथे आधी सांगा. निकोटिन गम घेणार असाल तर तो नेहमीच्या च्युइंगमसारखा चघळत राहायचा नसतो. थोडा चावायचा, झिणझिण्या आल्या की गाल आणि हिरडीच्या मध्ये ठेवायचा, चव गेली की पुन्हा. त्याआधी पंधरा मिनिटं चहा, कॉफी किंवा सरबत नको. उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत पहिली सिगारेट लागत असेल तर साधारणपणे ४ मिलिग्रॅमचा गम सुचवतात, नाहीतर २ मिलिग्रॅमचा. दादांसाठी काय आणि किती, हे डॉक्टरांनी ठरवावं.

आणि दादा साफ नाही म्हणाले तर? तर सध्या आणा, पण अटी उघडपणे ठरवून: घरात एकच जागा, सोबत कुणीतरी, अंथरुणात किंवा सोफ्यावर कधीच नाही. डोक्याला मार लागल्यावर अनेकांची वास घेण्याची शक्ती जाते किंवा मंदावते आणि त्यांना स्वतःला ते कळतही नाही. कॉफीचा, साबणाचा वास येतो का हे तपासून बघा. ज्याला जळका वास येत नाही आणि ज्याला बसल्या बसल्या डुलकी लागते त्याच्या हातात पेटती सिगारेट ही सगळ्या घराची काळजी आहे. दर महिन्याला विषय पुन्हा काढा, एकदाच, न चिडता.

तुमच्याबद्दल तुम्ही पत्रात फार लिहिलं नाहीत, पण गॅलरीत दोन सिगारेटी पेटतात. दादांची बंद करून तुमची चालू, हे चालणार नाही. तुमच्या शर्टाचा वाससुद्धा त्यांची तलफ जागी करेल. दोघांनी एकाच तारखेला सोडणं हा माझ्या मते या सगळ्यातला सर्वांत परिणामकारक उपाय आहे, आणि तो एकट्या तुमच्या हातात आहे. संध्याकाळची वेळ सोडू नका, जागा मात्र काही आठवडे बदला. गच्चीवर जा, किंवा हळूहळू चालून या. तलफ येते ती बहुधा काही मिनिटांत उतरते, तेवढ्यात हाताला काहीतरी काम हवं.

आईंना समजवायला फार वेळ घालवू नका, मुलगा निवळलेला दिसला की त्या आपोआप येतील. वहिनींशी मात्र बोला. पाच महिने त्या घर, औषधं, चिडचिड सगळं एकट्या झेलत आहेत, आणि रोज संध्याकाळी हसरे दादा तुमच्या वाट्याला येतात. 'दोष तुझा' यामागे तेही असेल. आठवड्यातून एक पूर्ण दिवस तुम्हाला सांभाळता येईल का, बघा. घरात कुणी 'मनाचा निग्रह हवा' असं म्हणालं तर त्यांना सांगा की २००७ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मेंदूतल्या इन्सुला या भागाला इजा झालेल्या काही जणांची सिगारेटची तलफच नाहीशी झाल्याचं आढळलं. तलफ मेंदूत राहते. दादांचा मेंदू आत्ता दुखावलेला आहे, स्वभाव नाही.

मध्ये एखादी ओढली गेली तर ती वहीत लिहा आणि पुढे चला. मात्र सोडल्यानंतरच्या दिवसांत जे होईल ते सगळं 'निकोटिन सुटल्याने होतंय' असं धरून बसू नका. डोकेदुखी वाढत जाणं, वारंवार उलट्या, झटका, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं, उठवूनही न सुटणारी गुंगी, बोलण्यात अचानक गोंधळ किंवा जगण्याचा कंटाळा आल्याचं बोलणं, यातलं काहीही दिसलं तर वाट न बघता हॉस्पिटल गाठा, आणि तिथे तीन गोष्टी लगेच सांगा: मार कधी लागला, कोणत्या गोळ्या चालू आहेत, आणि सिगारेट कोणत्या दिवशी सोडली.